सूचनेसाठी तीन ओळी

फॉर्मवर तुम्ही तीनच ओळी ठेवल्यात, मॅट्रनबाई,
त्यातली तिसरी अर्धी स्टेपलरच्या पिनेनं खाल्ली.
तरी लिहिते.
मागची बाजू कोरी आहे, तीही लागेल.

सतरा नंबरची खाट हलवा.
अठराच्या पाळण्याला ती इतकी लागून आहे
की मधून मच्छरदाणीही नीट जात नाही.
मे महिना, नागपूरचा. कूलरची घरघर रात्रभर,
आणि तिच्याही वर, दर दोन तासांनी,
अठराचं बाळ.
त्याचा काय दोष.
ते रडलं की माझा गाऊन भिजायचा.

दुधाचं मला कुणी सांगितलं नव्हतं.
टाक्यांचं सांगितलं, लोहाच्या गोळ्यांचं सांगितलं,
वजन उचलू नका, म्हणालात.
(काय उचलणार होते?)
दूध येईल, हे तेवढं राहिलं.
तिसऱ्या रात्री चंद्रकला मावशीनं
कॅन्टीनच्या फ्रिजातून कोबीची गार पानं आणली,
छातीवर ठेवली, वरून पदर ओढला.
"कोन्त्या पुस्तकात हाये मले माईत नाई बाई,
पन उतरते."
तिला बढती द्या.
नाहीतर निदान कोबीचे पैसे.

माझा नवरा कागद घेऊन
तळमजला ते तिसरा मजला पळत होता.
लिफ्टवाल्यानं विचारलं, "काय झालं भाऊ? पेढे कुठी हाये?"
त्यानं पन्नास रुपये दिले.
हे मला सात महिन्यांनी कळलं,
फुटाळ्याच्या कठड्यावर, कणीस सोलता सोलता.
दाणे तसेच राहिले हातात.
लिफ्टवाल्याला रागावू नका. त्याला सांगत चला.
आणि बापालाही एक खुर्ची ठेवा कुठेतरी,
मी तर खाटेवर होते.

तिला मला दाखवलं नाही.
टॉवेलात गेली. घाटावर माझा दीर होता, नवरा होता,
मी नव्हते.
"नको पाहू, लवकर विसरशील," सासूबाई म्हणाल्या.
मी त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाही.
दिवाळीत करंज्यांचं सारण भरताना
मान वर न करता त्या म्हणाल्या,
"मले बी नाई दाखोलं कोनी."
उमरेडला. चौतीस वर्षं झाली.
करंजीची कड त्यांनी दाबली, पुन्हा दाबली.

तर विचारा. पाहायचंय का, घ्यायचंय का हातात.
नाही म्हणाली तर अर्ध्या तासानं परत विचारा.
अर्ध्या तासात बाई बदलते.

पुढची सूचना मला नीट लिहिता येत नाही.
दीड महिन्यानं मोबाईल वाजला:
अभिनंदन, आपल्या बाळाला लसीकरणासाठी आणा.
मी चुलीसमोर असते तर तो आत टाकला असता.
गॅस होता.
असले मेसेज बंद करा, असं लिहायला बसले
आणि लिहिलं नाही,
कारण तो मी अजून पुसलेला नाही.
इतक्या सगळ्या कागदांत तो एकच,
ज्यात ती आहे.
तुम्हीच ठरवा. बंदच करा बहुतेक.
दुसऱ्या कुणीला नको यायला.

बाळाचं नाव, या चौकटीत
कुणीतरी निळ्या पेनानं आधीच रेघ मारली होती.
मी रेघेवर लिहिलंय. वाचता येतं का बघा.
नसेल येत तर विचारा, मी सांगेन,
मला सांगायला आवडतं.

शेवटी संपर्क.
नंबर देते. सतरावर कुणी आली
तर फोन करा, रात्रीही.
मानेवाड्याहून ॲक्टिव्हानं वीस मिनिटं.
मला काही समजावता येत नाही,
ते तुमच्या समुपदेशक बाई करतील, त्यांची जागा भरलीत तर.
मी बसेन फक्त.
कोबी घेऊन येईन.
कॉटन मार्केट पहाटेच उघडतं.